'टेक केअर'चा अर्थ

मिरजेत ज्येष्ठांना इंग्रजी शिकवताना मी चुकणाऱ्याची फिरकी घ्यायचो. आता त्याची लाज वाटते.

एकदा मी निवृत्त नर्स इंदुमती कुरणे यांना उभं केलं. "सांगा, टेक केअर म्हणजे काय?"

"आता मी फोन ठेवतो," इंदुताई म्हणाल्या.

वर्ग हसला. मी ऐटीत फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'काळजी घ्या' असं लिहिलं आणि विचारलं, "तुम्हाला हा नवा अर्थ कुठल्या पुस्तकात सापडला?"

"मुलाकडून शिकले. तो दर रविवारी कॅनडाहून फोन करतो. मी गुडघ्याचं सांगायला लागले की टेक केअर म्हणतो, आणि पुढच्या क्षणी फोन बंद. दोन वर्षांत एकदाही वेगळं झालं नाही. वहीत तुमचाच अर्थ लिहिते, सर. पण तो फोनवर लागू पडत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. मी फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

त्याच सकाळी गावाहून आईचा फोन आला होता. ती न्हाणीत घसरल्याचं सांगत होती आणि मला वर्गाची घाई होती. मी तेच दोन शब्द म्हणालो.

आईला इंग्रजी येत नाही. तरी तिने लगेच फोन ठेवला होता.