कुंभळेश्वराला सुतक नाही

आत सभामंडपात भिंतीला टेकून बसलेलं जोडपं पाहिलंत ना? त्यांच्या घरी परवाच मयत झालंय. दुसऱ्या गावात सुतकातला माणूस देवळाची पायरी चढत नाही. आमच्या कुंभळेश्वराला मात्र सुतक नाही. ते कसं, हे आजोबा सांगायचे.

फार पूर्वी गावात पटकी आली. देवळाचा गुरव रायाजी. त्याची बायको गेली, मागोमाग दोन्ही मुलं गेली. धाकटी पोर तेवढी उरली होती. तिच्यासाठी त्याने देवापुढे पदर पसरला. तीही गेली. तिला पोचवून तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून नेहमीसारखा गाभाऱ्यात शिरला, असं सांगतात.

चंदन उगाळायला बसला तो उगाळतच राहिला. सहाणेवरून गंध ओघळून जमिनीवर आलं, तरी हात थांबेना. कोणीतरी येसाजी पाटलांना बोलावून आणलं. पाटील अंगणातूनच ओरडले, "रायाजी, तुला सुतक आहे! आत कसा शिरलास?"

"पाटील, तुम्हाला नाही?"

पाटलांची आई आदल्याच दिवशी गेली होती.

"सुतक नसलेलं एक घर दाखवा," रायाजी म्हणाला, "त्यांना घालू दे देवाला पाणी."

तसं घर गावात उरलं नव्हतं.

"अरे, पण देवाला चालेल असं वाटतं तुला?"

"मला काहीच वाटत नाही, पाटील. रडूसुद्धा येत नाही. उजाडलं, तसे पाय इकडे आले."

पाटील वहाणा काढून आत आले आणि खाली बसले. त्यांच्यामागून एकेक करत सगळा गाव आला. कोणी नवस बोललं नाही, कोणी काही मागितलं नाही. नुसते बसून राहिले.

त्या दिवसापासून पटकी ओसरली, असं काहीजण सांगतात. आजोबा म्हणायचे, ती आणखी माणसं घेऊनच गेली.

रायाजी म्हातारा होईपर्यंत पूजा करत राहिला. रडला म्हणे एकदाच, फार वर्षांनी, कोणा परक्या पोरीच्या लग्नात, अक्षता टाकताना.

आजही घरात कोणी गेलं की माणसं स्मशानातून आधी इथेच येतात. कसं झालं, कधी झालं, हे त्यांना कोणी विचारत नाही. गुरव हातावर तीर्थ देतो. हवं तेवढा वेळ बसावं आणि घरी जावं.