घारीने मोजलेला डोह

फार पूर्वी प्राणी नदीकाठच्या खडकावर बातम्या लिहीत, तेव्हा घारीच्या शब्दाला मोठा मान होता. शिकारी कुठे, वणवा कुठे, तिचं कधीच चुकत नसे. एकदा तिने लिहिलं, "डोहात गुडघाभरच पाणी. खुशाल उतरा."

"घारताई, पाण्यात पाय तरी बुडवलात का?" कासवाने विचारलं.

"गरज काय? वरून मला तळाचा खडा न् खडा दिसतो."

"पाणी नितळ आहे म्हणून दिसतो. म्हणून ते उथळ होत नाही!"

"चिखलात राहणाऱ्याने मला शिकवू नये."

तेवढ्यात बातमी वाचून शेळी करडाला घेऊन डोहात उतरली. चौथ्या पावलाला करडू दिसेनासं झालं. कासवाने बुडी मारून त्याला कसंबसं पाठीवर वर आणलं.

दुसऱ्या दिवशी खडकावर घारीचा नवा लेख होता: 'करडांना पोहायला कसं शिकवावं?'