म्हैस, मसाला आणि महाराजांचा तराजू

"एका पारड्यात तुझं घर, दुसऱ्यात तुझं दुकान! दिवस मावळेपर्यंत तराजूची दांडी सरळ राहिली पाहिजे. कलली, की दुकान बंद!"

राजा गजसेनाचा हुकूम ऐकून सगुणा मसालेवालीनं हात जोडले. मग ती म्हणाली, "घर म्हणजे कोण कोण, महाराज?"

"अख्खं घर! नवरा, सासू, लेकरू, चूल, जातं!"

"आणि म्हैस?"

"म्हैससुद्धा!"

गजसेन महाराजांना तोलायचं भारी वेड. दर वाढदिवसाला ते स्वतःला गुळाबरोबर तोलून घेत. दोन शेजारी भांडत आले, तर दोघांना तोलत आणि जो जड भरेल तो गुन्हेगार ठरवत! कवींना तर कवितेच्या वजनावर बिदागी मिळे, म्हणून राज्यातले कवी कविता दगडावर कोरून आणत.

अशा राजाकडे गुलाबशेट मसालेवाल्यानं चुगली केली होती. सगुणानं हातातल्या पाटल्या मोडून उखळ-मुसळ घेतलं, काळा मसाला कुटायला बसली आणि आठवड्यात शेटचं गिऱ्हाईक तिच्या दारात! शेट राजाच्या कानाला लागला, "बाई दुकानात बसली, तर घराचा तोल जातो, महाराज!"

तोल म्हटल्यावर महाराजांचे कान टवकारले!

हुकमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यापुढच्या दगडी कमानीला तो भला थोरला तराजू टांगला. कप्पीवरून आलेला त्याचा दोर चार शिपायांनी खुंटाला बांधला. एका पारड्यात सगुणाचा नवरा खंडू, सासू, पाळण्यात बाळी, चूल, जातं आणि ओढत-ढकलत चढवलेली म्हैस. दुसऱ्यात उखळ, मिरच्यांची पोती आणि सगुणा. पोती कमीजास्त करता करता दांडी सरळ झाली. प्रधानजी शिडीवर चढले आणि दांडीच्या मधोमध त्यांनी एक लिंबू ठेवलं.

"लिंबं तीन," महाराज म्हणाले. "तिसरं पडलं, की दुकानाला कुलूप! प्रधानजी, लिंबावरून नजर हलवायची नाही!"

"सगुणाबाई, पावशेर मसाला!" म्हणत पहिलंच गिऱ्हाईक दुकानाच्या पारड्यात चढलं. गिऱ्हाईक होतं तालमीतला पैलवान! दुकान धाडकन खाली आणि म्हैस सरळ वर! लिंबू टुणकन उडालं ते प्रधानजींच्या पगडीवर.

"एक!" गुलाबशेट ओरडला.

पैलवानाला उतरवलं, दुसरं लिंबू ठेवलं. तोच पाळण्यात बाळी रडू लागली. खंडूनं झोका दिला, गाणं म्हटलं. ते ऐकून ती आणखीच रडली! सगुणाला राहवेना. तिनं या पारड्यातून त्या पारड्यात उडी घेतली. घर खाली आलं, मिरच्या आभाळात गेल्या.

"दोन!" शेट टाळ्या पिटत म्हणाला.

महाराज खूश होऊन जेवायला आणि वामकुक्षीला निघून गेले.

सगुणा परत पोत्यांजवळ जाऊन बसली. दांडी पुन्हा सरळ झाली, शेवटचं लिंबू वर बसलं. पण बाळीला भूक लागली की काय करायचं? तिनं उखळावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

"रडू नको गं, मसाला खारट होईल!" सासू पलीकडून ओरडली. "आणि ऐक, मला इथं लटकून चक्कर येतेय. एकदा मला जमिनीवर ठेव, बाई!"

सगुणानं डोळे पुसले. खुंटाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं आणि ती एकदम ताडकन उभी राहणार होती, पण लिंबाच्या आठवणीनं बसूनच बोलली, "शिपाईदादा! दोर सैल सोडा. हळू, अगदी हळू!"

"प्रधानजी, सोडू?"

"मला विचारू नका! मी लिंबाकडे पाहतोय!"

दोर सुटू लागला. घर खाली, दुकान खाली, लिंबू खाली, लिंबावर नजर रोखलेले प्रधानजीही शिडीवरून एकेक पायरी खाली. म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवला! मग दोन्ही पारडी अलगद जमिनीला टेकली आणि साखळ्या सैल पडल्या; आता कुणीही चढा-उतरा, दांडी हलेना!

संध्याकाळी महाराज आले तो काय! एका पारड्यात चुलीवर भाकरी फुगत होती, बाळी पोटभर पिऊन झोपली होती. दुसऱ्यात गिऱ्हाइकांची झुंबड आणि मसाला कुटायला साक्षात पैलवान! मधल्या चार पावलांत सगुणाची ये-जा चालली होती.

"फसवणूक!" गुलाबशेट किंचाळला.

"मग उद्या तुम्ही चढता का पारड्यात, शेटजी?" महाराजांनी विचारलं. "तुम्हीही घर-दुकान दोन्ही सांभाळताच की!"

"छे छे, महाराज! घर तर आमची बायको सांभाळते!" शेट बोलून गेला आणि जीभ चावत गर्दीत दिसेनासा झाला.

महाराज सगुणाकडे वळले. "पण बाई, लिंबू?"

"जागचं हललं नाही, महाराज," प्रधानजी म्हणाले. "खाली आलं, पण हललं नाही!"

"अगं, पण पारडी अधांतरी नसतील, तर तोलायचं कसं?"

"तोलायचं ते तुम्ही तोला, महाराज!" सगुणा पदराला हात पुसत म्हणाली. "मला घर करायचंय आणि दुकान चालवायचंय. अधांतरी लटकून कुणाला ते जमलंय? तुमचं सिंहासनसुद्धा जमिनीला टेकलंय, म्हणून तुम्ही राजे! टांगा बघू ते कमानीला, आणि करा कारभार!"

महाराजांनी कमानीकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि असे खदाखदा हसले, की म्हैस बिचकून पारड्याबाहेर पळाली!

हसू आवरल्यावर त्यांनी सगुणाला नव्या सोन्याच्या पाटल्या दिल्या, मुदपाकखान्याचा सगळा मसाला तिच्याकडूनच घ्यायचा हुकूम सोडला आणि राजवाड्याच्या दरवाजाशी तिला जागा दिली: पुढं दुकान, मागं घर, मध्ये एकच उंबरठा. म्हशीसाठी गोठा मात्र खंडूला स्वतःच बांधावा लागला!