पाथरवटाने धरलेले कड्याचे माप

कड्याखालच्या एका गावात हैबती नावाचा पाथरवट राहत होता. जाती, पाटे, वरवंटे घडवायचे आणि आसपासच्या गावांत विकायचे, हा त्याचा धंदा. माणूस अबोल. त्याची बायको चिमा म्हणायची, "दगडाशी बोलून काही उरलं, तरच आमच्या वाट्याला येतं."

गावाच्या पाठीशी काळाकभिन्न कडा उभा होता. गावाला त्याचा फार अभिमान. कडा वारा अडवी, बारमाही झरा देई, उन्हाळ्यात दुपार कलली की साऱ्या घरांवर सावली धरी. त्याच्या माथ्यावर, काठापासून दहा पावलांवर, एक लांबलचक भेग होती. ती वाडवडिलांच्याही आधीची, असे सगळेच सांगत. पण वाडवडिलांच्या वेळी ती किती रुंद होती, हे मात्र एकालाही सांगता येत नसे. हैबतीला याचे नवल वाटे. दगड फोडणाऱ्याला भेग दिसली की तिचे माप घेतल्यावाचून चैन पडत नाही.

एका वर्षी त्याने भेगेच्या दोन्ही अंगांना टाकीने एकेक खूण कोरली. चुलीच्या धुरात मुरलेल्या बांबूची काडी त्या दोन खुणांमध्ये बरोबर बसेल अशी कापली आणि घरी आढ्याला खोचून ठेवली. खंडेनवमीला पाथरवट हत्यारांची पूजा करतात. त्या दिवशी टाकीला हात लावायचा नसतो आणि रिकामे बसणे हैबतीला जमत नसे. म्हणून पुढच्या खंडेनवमीला तो काडी घेऊन कडा चढला. काडी आखूड पडली. उरलेल्या जागेत त्याने तांदळाचा एक दाणा आडवा धरून पाहिला. तो नेमका बसला.

पुढच्या वर्षी दोन दाणे बसले, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. अशी नऊ वर्षे गेली, तेव्हा तो रायाजी पाटलांकडे गेला.

"पाटील, कडा चालतोय."

"आँ? आन् निघालाय कुठं?" पाटील हसत म्हणाले.

"गावाकडं," हैबती म्हणाला. "सालाला एक दाणा."

चावडीवरची मंडळी पोट धरधरून हसली. रोज सकाळी दार उघडले की कडा समोर दिसत होता. कालच्यासारखाच आज. जो रोज दिसतो तो हलेल कसा?

पुढे पाटलांच्या मुलाचे लग्न जमत आले. मुलीचे वडील निळोजी दुसऱ्या खोऱ्यातले. कड्याच्या तोंडावर भेगेची एक काळी रेघ खाली उतरलेली होती, आणि ती पाहून या गावात मुली द्यायला लोक कचरत. म्हणून सोयरीक जुळवायची असली की पाटील दोर लावून माणसे उतरवत आणि त्या रेघेवर काजळी कालवलेला चुना फासून घेत. भेग काही बुजत नसे, नुसती दिसेनाशी होई. गावालाही चार दिवस खरोखरच वाटे, की कडा बरा झाला.

निळोजी मात्र पोक्त माणूस होता. जेवण झाल्यावर त्याने सुपारी कातरता कातरता विचारले, "तुमच्यात पाथरवट कोण हाय? त्याला बोलवा. दगडाचं त्यालाच कळायचं."

हैबती आला. पाटलांनी डोळ्यांनी खुणावले. सारे गाव आपल्याकडे कशासाठी पाहते आहे, हे त्याला चांगले ठाऊक होते.

"कडा पक्का हाय का?" निळोजीने विचारले.

"हलतोय," हैबती म्हणाला. "यंदा पडंल असं वाटत न्हाई. पर हलतोय."

निळोजीने उपरणे खांद्यावर टाकले आणि तो निघून गेला. सोयरीक मोडली. त्या दिवसापासून हैबतीकडे कोणी जात्याला टाकी लावायला येईना. बायकांनी बोथट जात्यावर दळले, पिठात कण्या खाल्ल्या, पण त्याच्या दारात पाऊल टाकले नाही.

चिमा कावली. "एकदा पक्का हाय म्हनला असता, तर जीभ झडली असती का तुमची?"

"झडली नसती," हैबती म्हणाला. "पर पुढल्या साली माप घ्यायला कोणत्या तोंडानं गेलो असतो?"

दोन वर्षांनी आषाढात पाऊस कोसळला. भाताची लावणी अर्ध्यावर आलेली. एका सकाळी गडगडाट झाला आणि ओढ्यातून दोन मोठे धोंडे येऊन एका गोठ्यावर आदळले. गावाची पाचावर धारण बसली. पाटलांनी बैल जुंपायला सांगितले. लावणी टाकून गाव गेले असते, तर वर्षभर कोणाच्या घरी भात शिजला नसता. पण जीव वाचला तर भात, असे जो तो म्हणू लागला.

चिमा नवऱ्याच्या कानाशी येऊन पुटपुटली, "आता बोला. आता समदं गाव तुमच्या पायाशी येतंय."

हैबतीने काडी काढली आणि तो भर पावसात कडा चढला. भिजून चिंब होऊन खाली आला, तेव्हा गाड्या निघायच्या बेतात होत्या.

"हे वढ्यातले सुटे धोंडे हुते," तो म्हणाला. "कडा न्हेमीच्या चालीनंच हाय. जास्त हललेला न्हाई. लावणी उरकून घ्या."

"हलतो म्हननारा ह्योच आन् न्हाई म्हननारा बी ह्योच!" कोणीतरी खेकसले. पण गाड्यांचे बैल सोडले गेले, लावणी झाली आणि त्या वर्षी भातही उत्तम आला. आपल्या तोंडचा घास याने हिरावला होता आणि आज गावाच्या तोंडचा घास यानेच राखला, एवढे मात्र पाटलांच्या मनात राहिले.

आणखी दोन खंडेनवम्या गेल्या. तिसऱ्या खंडेनवमीला हैबती वर गेला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. वर्षाला एकच दाणा वाढायचा, त्या साली चार वाढले होते. त्याने वर्षभर वाट पाहिली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेला, तर आणखी एक दाणा. त्यानंतर आठच दिवसांनी पुन्हा एक. आकाश निरभ्र होते, वारा नव्हता, झरा नितळ वाहत होता. भिण्यासारखे डोळ्यांना काही दिसत नव्हते. हैबती मात्र तडक चावडीवर गेला.

"पाटील, आता गाव सोडा."

"कवा पडंल?"

"त्ये मला ठावं न्हाई."

मंडळी हसायला लागली. पाटील हसले नाहीत. ते म्हणाले, "आषाढात आपन पळत हुतो, तवा ह्यानं थांबिवलं. सूड घ्यायचा असता, तर तवाच घेतला असता. ह्यो भ्या दाखवाया आलेला न्हाई. उठा."

कोसभर दूर माळ होता. तिथे कारवीच्या कुडांची खोपटी उभी राहिली. पहिले आठ दिवस लोकांनी कसेबसे काढले. मग कुरकुर सुरू झाली. पाणी लांब, वारा बोचरा, लेकरे खोकत होती, आणि समोर कडा जसाच्या तसा उभा. हैबती रोज माप घ्यायला जाई. एके दिवशी तो काडी न लावताच परत आला. "आता त्याच्यावर पाय ठेववत न्हाई," एवढेच तो बोलला.

एकोणिसाव्या दिवशी दहा-बारा कर्त्या माणसांनी सामान बैलांवर लादले. "कडा जागच्या जागी हाय आन् आमी मातूर जागेवरनं उठलो," असे म्हणत ते गावाकडे निघाले. पाटील वाटेत आडवे बसले.

"माज्या अंगावरनं जावा," ते म्हणाले.

पाटलांना ओलांडायचे कसे, म्हणून माणसे घुटमळली. वाद वाढला. कोणी पाटलांना म्हातारचळ लागला म्हणाले, कोणी हैबतीच्या सात पिढ्या काढल्या. दिवस कासराभर वर आला होता. तेवढ्यात कड्याचा माथा पुढे झुकला. आधी आवाजच आला नाही. मग आला तो असा, की माळावरची माणसे खाली बसली. धुरळा विरला तेव्हा गाव नव्हते. घरे नव्हती, गोठे नव्हते, झऱ्याची जागाही कळत नव्हती.

पाटलांनी माणसे मोजली. एकूण एक होती. बायका घरांसाठी रडल्या आणि रडता रडता लेकरांना उराशी धरून हसल्याही.

निघालेली माणसे हैबतीच्या पायांवर डोके ठेवू लागली. तो मागे सरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"पाया कशापायी पडता? चौदा सालं मी एकलाच वर जात हुतो. तुमच्यातला एक बी कवा संगती आला न्हाई!"

पाटलांनी माळाच्या मागे उभ्या असलेल्या टेकडीकडे बोट केले.

"हैबती, आता हितंच ऱ्हायचं म्हंजी... त्या टेकडीचं काय?"

"मी अजून बघितली न्हाई."

रायाजी पाटील गुडघ्यांवर हात टेकून उठले. धोतराचा सोगा त्यांनी कमरेला खोचला.

"चल," ते म्हणाले. "मी येतो."

तात्पर्य: हळू येणारे संकट रोज बघणाऱ्याला दिसत नाही, ते धीराने मोजणाऱ्याला कळते. आणि लोक भ्यालेले असोत की निर्धास्त, जो आहे तेवढेच सांगतो, त्याचाच शब्द वेळेला उपयोगी पडतो.