केरबाने आणलेला आयसोलेटर

एका गावात एक भोळा केरबा होता. भोळा म्हणजे इतका, की सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करी. गावात बापूसाहेब मगदुमांची हळद पॉलिश करायची गिरण होती. केरबा तिथे पडेल ते काम करी.

एकदा बापूसाहेब पॉलिशच्या फिरत्या ड्रममध्ये हात घालून अडकलेली हळद काढत होते, आणि कुणीतरी वीज चालू केली. बोटं थोडक्यात वाचली. वायरमन दस्तगीर म्हणाला, "बापूसाहेब, आता तरी पॅनेलवर चांगला आयसोलेटर बसवा. एक दांडा खाली ओढला की समदी वीज तुटली पायजे. पुढच्या बारीला बोटं ऱ्हायची न्हाईत."

बापूसाहेबांना बोटं प्यारी होती, पण शहरात स्वतः जायचं जिवावर आलं. त्यांनी केरबाला धाडलं. "हातात धरून बघ. जड असंल त्योच घे. हलका माल टिकत न्हाई."

केरबाने अख्खं दुकान उचलून पाहिलं. त्याने आणलेला आयसोलेटर टेंपोतून उतरवायला चार गडी लागले.

"अरं, ह्यो साखर कारखान्याचा!" दस्तगीर ओरडला. "वजन बघायचं नसतं. मोटर किती वीज ओढती त्ये बघायचं, आन् लागतं त्याहून मोठं घ्यायचं."

केरबाने खूणगाठ बांधली. लागतं त्याहून मोठं.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी चपला मागवल्या. केरबाने आणल्या. बापूसाहेब त्या घालून ऐटीत निघाले आणि हळदीच्या ढिगात तोंडावर पडले. उठले तेव्हा नवरदेवासारखे पिवळे झाले होते.

"मुडद्या! मोठं न्हाई, नेमकं मापाचं आणायचं!"

केरबाने खूणगाठ बांधली. नेमकं मापाचं.

मग त्याला आयसोलेटर बदलून आणायला पाठवलं. एवढं होऊनही त्यालाच पाठवलं, कारण बापूसाहेब स्वतःला फार शहाणे समजत. केरबा पॅनेलच्या भोकाचं माप सुतळीने घेऊन गेला. नवा आयसोलेटर भोकात चपखल बसला. दस्तगीरने कपाळाला हात लावला. आयसोलेटर घरच्या पाण्याच्या पंपाचा होता.

शेवटी दस्तगीर स्वतः गेला, हवा तो आयसोलेटर आणला, बसवला आणि केरबाला समजावलं, "माणूस आत असला की दांडा खाली, आन् कुलूप लावायचं. चावी आतल्या माणसाच्या खिशात. कुणी बोंबललं तरी कुलूप काढायचं न्हाई."

"मी बोंबललो तरी न्हाई," बापूसाहेबांनी दटावलं.

केरबाने खूणगाठ बांधली.

दुपारी दस्तगीर चहाला गेला. बापूसाहेबांनी दांडा खाली ओढला आणि ड्रम आतून बघायला निघाले. "केरबा, मी आत चाललोय. कुलूप लाव."

"जी. आदी चावी खिशात घ्या, मालक."

"शाब्बास! आज अक्कल आली बघ तुला."

थोड्या वेळाने दस्तगीर परतला. दांड्याला कुलूप नव्हतं. म्हणजे आत कुणी नाही. तो दांडा वर करणार, तोच ड्रममधून धपाधप आवाज आला. त्याने दांडा सोडला आणि केरबाकडे वळला.

"आत कोण हाय?"

"मालक."

"मग कुलूप कुठं हाय?"

केरबाने ड्रमच्या दाराकडे बोट दाखवलं. "माणूस आत हाय तितंच लावलंय की. दांड्यात कुठं माणूस बसलाय?"

"काढ त्ये आदी! ऐकू येत न्हाई का, मालक बोंबलाय लागल्यात!"

"बोंबलू द्या. त्यांनीच सांगितलंय, मी बोंबललो तरी काढू नकोस."

"चावी दे हिकडं, गाढवा!"

"ती कुठली देऊ? ती आतल्या माणसाच्या खिशात हाय."