सरळ शाफ्ट

"मग तुटतो का? सांगा ना बाई, तुटतो का हा?"

पुष्कराजनं तुटका शाफ्ट बाईंच्या पायाशी आपटला. गिअरबॉक्समधून निघून मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढं आलेल्या नाकात बसणारा, चाकं फिरवणारा बोटाएवढा दांडा तो. सांध्यापाशी पार पिळवटून गेलेला.

इनामदार बाई दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी शाफ्टकडे पाहिलं आणि पुढची शेंग फोडली.

इथंच तर डोकं फिरायचं त्याचं! माणूस बोंबलतोय आणि ह्या शेंगा खातायत.

जन्मभर पोरांना भूमिती शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि रिमोटवर दगड चढणाऱ्या छोट्या जीपगाड्यांच्या नादी लागल्या. गावामागचा काळा कातळ ही आता त्यांची शाळा. पोरंच काय, चांगली नोकरीधंद्यातली माणसंही शिकायला येत. उद्याच्या स्पर्धेत गटाकडून एकच गाडी उतरायची होती. पहिला मान जुन्या शिष्याचा, म्हणजे पुष्कराजचा. पण दिवस मावळायच्या आत तो हा कातळ चढला नाही, तर जागा गटातल्याच नूतनची. नूतन सकाळीच चढून मोकळी झाली होती.

"तिची गाडी बघितलीत? अ‍ॅक्सलचं नाक खाली पडलंय! शाफ्ट वाकडा दिसतो नुसत्या डोळ्यांना. आणि ती चढते! माझा बघा. अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्याच्या मध्ये पाचर घासून घासून बसवलीय. नाक बरोबर गिअरबॉक्सकडे. केसाचा फरक काढून दाखवा. तरी माझाच तुटतो!"

"हं."

"हं काय, हं!"

बाईंनी तोंडात दाणे टाकले.

पिशवीतून त्यानं नवा शाफ्ट काढला.

"हा शेवटचा. हाही तुटला ना, तर गाडी इथंच दगडावर आपटून फोडीन. आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही तुम्हाला."

"बरं. बसव."

बरं! इतक्या वर्षांत एवढंच? तो रडायच्या बेतात आला आणि त्या रडू येण्याचाही त्याला राग आला. त्यानं शाफ्ट बसवला, गाडी बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"बघा. आहे का कुठं वाकडा?"

बाईंनी वाकून पाहिलं. "छे. छान सरळ आहे."

"मग?"

…

बाईंनी पदरावरची फोलपटं झटकली. गाडीची मागची दोन्ही चाकं दोन मुठींत गच्च धरली.

"चालव."

"अहो, तुटेल!"

"हळू चालव. आणि माझ्याकडे बघू नकोस, खाली बघ."

त्यानं दातओठ खात रिमोटचा ट्रिगर जरासा ओढला. मोटर कण्हली. चाकं मुठीत अडकलेली, फिरणार कुठं? मग अ‍ॅक्सलच मागे कलला. पाटे मुरडले. अ‍ॅक्सलचं नाक सावकाश वर उचललं गेलं आणि त्याचा तो सरळ शाफ्ट सांध्यात दुमडून वाकडा झाला.

त्यानं ट्रिगर सोडला. नाक खाली आलं. शाफ्ट पुन्हा सरळ.

पुन्हा ओढला. पुन्हा वर.

"म्हणजे… चढावर दर वेळी…"

बाईंनी चाकं सोडली.

खरं तर इथं माणसानं गप्प बसावं. पण पुष्कराज आणखीच भडकला.

"म्हणजे मुद्दाम वाकडा लावायचा, चढावर सरळ व्हावा म्हणून? वा! शाळेत रेघ जरा तिरकी आली तर वह्या भिरकावायचात माझ्या! सगळ्या वर्गासमोर!"

"वहीवर चढ नव्हता."

"आणि हे आधी सांगायला काय झालं होतं? माझे शाफ्ट जात होते, तुम्ही मजा बघत होतात! नूतनला सांगितलंत ना? तिला बरं सांगितलंत!"

"तिनं विचारलं."

…

मग तो बोलतच सुटला. शाळेतलं काढलं, मागच्या स्पर्धेतलं काढलं, नको ते सगळं काढलं. बाईंनी अडवलं नाही. अखेर घसा बसला, तेव्हा तो मटकन खाली बसला आणि त्यानं गाडी उताणी केली. स्क्रू सोडले. रात्री जागून घासलेली ती पाचर बाहेर काढली.

ऊन कातळाच्या माथ्यावर गेलं होतं. अजून एक चढाई होण्याइतका उजेड होता.

त्यानं कानस उचलली. पण हात पुढं जाईना.

"बाई…" आवाज पहिल्यांदाच खाली आला. "किती घासू? नाक किती खाली ठेवू?"

बाईंनी त्याच्या पिशवीतून कोनमापक काढला, पुढे सरकल्या आणि तो नीट त्याच्या नाकाशी धरला.

"पुन्हा एकदा चिड. किती वर जातं, मोजून सांगते."