शिफारसपत्रातली मोकळी रेघ

“हिचं नाव काय?”

मिहीर, ऐक ना, फोन ठेवू नकोस, आत्ता काय झालं ते ऐक. बागवान मॅडमनी मला एवढंच विचारलं.

तुला माहितेय, लंडनच्या लॉ स्कूलला एक दणदणीत शिफारसपत्र पाहिजे. सोमवारी मुदत संपते. मॅडमनी पाच वर्षं शिकवलंय, त्यांच्या शब्दाला वजन आहे. आणि आपल्याकडं कसं, पत्र आपणच लिहून न्यायचं, त्यांनी नुसती सही ठोकायची. सगळेच करतात. मीही नेलं. स्वतःचं कौतुक करताना हात काही आखडता घेतला नव्हता.

आज शनिवार, म्हणजे मॅडम त्यांच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात. चष्मा लावून सगळं वाचत बसल्या. मी पेनाचं टोपण काढून तयार.

एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. इंग्रजीत मस्त वाटत होती रे ती ओळ. मॅडमनी मराठीत वाचून दाखवली.

“मुलानं घराबाहेर काढलेल्या एका वृद्ध महिलेसाठी ओजस अखेरपर्यंत लढला… हिचं नाव काय?”

“मॅडम, ते… मावशी म्हणायचो आपण.”

“आपण?”

खरं सांगू? केंद्रात काम करायचो तेव्हा तिचा अर्ज मीच लिहिला होता. दोन तारखांनाही गेलो. मग केंद्राचं सर्टिफिकेट मिळालं, परीक्षा आल्या, आणि राहूनच गेलं.

मॅडमनी दाराकडं बघत हाक मारली. “मावशी, जरा आत या.”

बाहेर बाकावरच होती रे ती. केस अजून चालूच आहे. आत आली, डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

“ओजसदादा न्हवं? आईच्या गुडघ्याचं आपरेशन झालं का रं?”

हे मी तिला कधी सांगितलं होतं, मलाच आठवत नाही.

“कसा आहे हा पोरगा, मावशी?” मॅडमनी विचारलं.

“लई गुनाचं हाय. म्होरल्या तारखंला येतो म्हनलं हुतं.” तिनं माझ्या दंडावरून हात फिरवला. “अडकलं असंल कशात तरी.”

दोन दिवाळ्या झाल्या त्याला, मिहीर.

ती बाहेर गेली. मॅडमनी ‘एका वृद्ध महिले’वर काट मारली, वर एक मोकळी रेघ ओढली. म्हटलं, आता फाडणार. तर खाली सही केली. शिक्का मारला. कागद माझ्याकडं सरकवला.

“इथं नाव भर आणि पाठव.”

“विचारून येतो मॅडम, बाहेरच आहेत.”

“तिला विचारायचं नाही. मलाही नाही.”

“मग?”

“मंगळवारी प्रांत ऑफिसात तिची तारीख आहे. शिपाई दारात उभा राहून नावाचा पुकारा करतो. तिथं ऐक, मग भर.”

“पण मॅडम, मुदत सोमवारी संपतेय.”

त्यांनी दुसरी फाईल उघडली.

“पुकारा तीनदा होतो, ओजस. आलेल्याला नाव ऐकू येतंच.”

बस, एवढंच.

आता मी बाहेर जिन्यात उभा आहे. सहीचा कागद हातात. मावशी बाकावर जरा सरकलीय, मला बसायला जागा करून देतेय. नाव विचारायला एक मिनिटही लागणार नाही…

तू असतास तर काय केलं असतंस रे?